आयती अर्थिंग

ही गोष्ट खरी आहे. खोटी सांगून माझा फायदा काहीच नाही, झालं तर नुकसानच होईल. औरंगपुऱ्यात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे, वायरिंगचं लायसन आहे. भुताच्या घरची फिटिंग करणारा असं नाव झालं तर दारात कोण उभं करेल?

तरी सांगतो.

मागच्या वर्षीचा मे महिना. मंगळवार. दिवेलागणीची वेळ. पैठण रोडनं चितेगाव सोडून बिडकीनकडं निघालं की आतल्या अंगाला नवे बंगले झालेत, त्यातल्याच एका बंगल्याची मागची पडवी.

अमावास्या नव्हती. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगून ठेवतो.

बंगला माझ्या साडूचा. हेमचंद्र त्याचं नाव. माझी बायको सई, तिची थोरली बहीण नीरजाताई, आणि हा तिचा नवरा. माणूस वाईट म्हणणार नाही मी. फक्त घ्यायच्या बाजूला त्याचा हात लांब आहे आणि द्यायच्या बाजूला आखूड. पंगतीत जिलबी मागून घेतो, आणि आपण त्याच्या घरी गेलो की दारातच विचारतो, "चहा घेऊनच आला असाल ना?"

त्या घरात मला दुसऱ्यांदा भाजी वाढणारं माणूस एकच. त्याची आई, यमुनाबाई.

म्हातारीचे गुडघे गेले होते. कित्येक वर्षांत मांडी घातली नव्हती तिनं. जेवण खुर्चीवर, पूजाही खुर्चीवर. मला म्हणायच्या, "देवापुढं मांडी घालून बसायचं, श्रीरंगराव. बाकी काही राहिलं नाही बघा माझं."

तर कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टातला गरम पाण्याचा टब हेमचंद्रानं आणला. आईच्या गुडघ्यांसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. पहिला आत कोण बसला ते मी सांगत नाही.

चांगला हौदाएवढा टब. आत पाणी तापवायचा हीटर, पाणी फिरवायचा पंप, बुडबुडे सोडणारा ब्लोअर.

"गीझरच्या प्लगवर चालेल की," हेमचंद्र म्हणाला. "एक्स्टेंशन बोर्ड आहे आपल्याकडं."

"टब चालेल," मी म्हणालो. "आत बसलेला चालणार नाही."

माझा फिटर साकिब हसला. दुकान उघडल्यापासून तो माझ्याबरोबर आहे. जीभ त्याची पक्कडीसारखी.

मी काम नियमानं केलं, हे इथं नोंदवून ठेवतो. टबाला बोर्डापासून स्वतंत्र लाइन. केबल जाड, जमिनीतून. बंद करायचा स्विच टबापासून लांब, पाण्यात बसलेल्याचा हात पोचणार नाही पण बाहेरच्याला समोर दिसेल असा. टबाची दांडी, नळ, पाइप, जे जे लोखंडाचं ते सगळं हिरव्या तारेनं एकमेकांना जोडलं. आणि बोर्डात आरसीसीबी बसवला.

हेमचंद्रानं विचारलं, "हा काय करतो?"

"मुनीम आहे. टबाकडं गेलेली वीज आणि परत आलेली वीज, दोन्ही बाजू मांडतो. जरा फरक दिसला की दुकान बंद. फरक म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून गेली."

राहिली अर्थिंग. म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा, मधोमध तांब्याचा रॉड, आणि घरातल्या सगळ्या हिरव्या तारा त्या रॉडला. गळणारी वीज माणसात न शिरता जमिनीत जावी म्हणून. उन्हाळ्यात त्या खड्ड्याला रोज पाणी घालावं लागतं. ते मी नीरजाताईंना बजावून सांगितलं.

तिकडं मुरूम आणि खाली खडक. खणायचं म्हणजे दिवस जाणार. शेजारच्या शेतावरचा कडूबा कुंपणाला टेकून आमची गंमत बघत होता. त्या जमिनीचा तो जुना माणूस, प्लॉट पडायच्या आधीपासूनचा. बोलायला खट, चहा मिळाल्याशिवाय तोंड न उघडणारा.

मी मागच्या कोपऱ्याकडं बोट केलं.

"तिथं नका खंदू," कडूबा म्हणाला. "तिथं आधीच बसवलेलं हाय."

हेमचंद्राचे कान टवकारले. "बसवलेलं आहे? जुनं का?"

"लई जुनं."

"मीठ घातलंय त्यात?"

"व्हय तर. पोत्यानं मीठ घातल्यालं."

"आणि पाणी? पाणी घालायचे का त्याला?"

"घालायचे की. रोज सांजच्याला. आता कोन घालतंय?"

हेमचंद्रानं मला टाळी दिली. "आयती अर्थिंग, श्रीरंगराव. म्हणतात ना, नशीब लागतं."

कडूबानं आमच्याकडं एकदा पाहिलं. मग चहाचा कप कुंपणावर ठेवून निघून गेला. शहाण्यांना किती सांगायचं, असं काहीतरी पुटपुटला असेल.

वरची माती काढली तर खाली खरंच मीठ. पांढरं, दगडासारखं झालेलं. आणि त्यात काळसर राख. साकिब म्हणाला, "कोयला भी है भाई, गल गया है."

मीठ आणि कोळसा. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यात दुसरं काय दिसणार?

रॉड ठोकला. खडकाचा मुलूख, पण लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

आणि मग...

टक्.

मडकं फुटावं तसा आवाज. पोकळ.

"कुछ फूटा," साकिब म्हणाला.

"मटका असेल," हेमचंद्र म्हणाला. "ठोका."

आम्ही ठोकला.

मीटर लावला. इतकी चांगली अर्थिंग मी माझ्या आयुष्यात बघितली नव्हती.

पाडव्याला टब भरला. टँकरच्या पाण्यानं.

आता पुढचं जरा जेवणखाण उरकून वाचा.

ते पाणी पाडव्यानंतर बदललंच नाही. मी म्हणालो तर हेमचंद्र म्हणाला, "टँकरचं आहे हो, ओतून द्यायचं होय? गाळणी आहे की आत." तुरटी फिरवायचा. कडुनिंबाचा पाला टाकायचा. झालं शुद्ध.

आणि पाहुणे. हेमचंद्रानं कुणाकुणाचे उपकार त्या टबात फेडले, त्याचा जमाखर्च माझ्या डोक्यात तयार आहे. ज्यानं मुलीला स्थळ सुचवलं तो आला. आहेरावरून रुसलेला आला. दोघं एकाच पाण्यात. एकाच्या टाचांच्या भेगा, दुसऱ्याच्या डोक्याचं बदामाचं तेल. तिसरा आत बसून दात कोरत होता, आणि निघालेलं कुठं टाकत होता ते मी पाहिलं.

पाण्यावर साय धरली होती. बोट लावलं की सुरकुतायची. तुटायची नाही.

टबाच्या कडेला करडा थर बसायचा. हेमचंद्र तो नखानं खरवडायचा आणि टिचकीनं परत पाण्यात उडवायचा.

तोवर मी त्या टबात कधी उतरलो नव्हतो. देवाची शपथ, हातसुद्धा घातला नव्हता.

मग आरसीसीबी उडायला लागला.

रोज. दिवेलागणीला. आत यमुनाबाई बसलेल्या असताना.

"तुमचा मुनीम झोपा काढतो," हेमचंद्राचा फोन. आम्ही गेलो. हीटर तपासला, ठीक. पंप ठीक. केबल ठीक. कुठंच गळती नाही. साकिब पाण्याकडं बघून म्हणाला, "भाई, मशीन में नक्को ढूंढो. जो है सो पानी में है."

यमुनाबाई म्हणाल्या, "पाणी खारट लागतं हो, श्रीरंगराव."

लागणारच, मी मनात म्हणालो. अर्ध्या गणगोताचा घाम आहे त्यात.

हेमचंद्राला मात्र आनंद झाला. खारट कोमट पाणी घशाला चांगलं म्हणून तो त्याच पाण्यानं चूळ भरायला लागला. मी डोळ्यांनी पाहिलं. खळखळ करून... अर्धं गिळलं त्यानं.

"आणि इथं टोचतं," यमुनाबाई म्हणाल्या. टाळूवर बोट ठेवून. "आतून. खिळा मारल्यासारखं."

मी म्हणालो, "उष्णता असेल."

आठवड्याभरानं नीरजाताईंचा सईला फोन आला. रडत होत्या. आनंदानं.

यमुनाबाईंनी टबात मांडी घातली होती.

पेढे आले आमच्याकडं. हेमचंद्राकडून पेढे, म्हणजे बघा.

पण त्यानंतर म्हातारी पाण्यातून लवकर बाहेर येईना. आधी जेवणापर्यंत. मग जेवण टाकून. अंग सुकत चाललं तिचं. पाण्यात बसून माणूस सुकतं का कधी?

आणि मग तो मंगळवार.

फोनवर हेमचंद्राचा आवाज वेगळा होता. "आई दुपारपासून बाहेर येत नाही. लवकर या."

आम्ही पोचलो तेव्हा मेन स्विच बंद होता. त्यानंच पाडला होता. सगळं घर अंधारत चाललेलं. पंखा नाही. फ्रिजचा आवाज नाही. काहीच नाही.

फक्त पडवीतून...

बुडुक.

थांबून...

बुडुक.

वीज बंद. ब्लोअर बंद. आणि टबात बुडबुडे येत होते. एक यायचा. मग थांबायचं. मग दुसरा.

श्वास घेतल्यासारखं.

यमुनाबाई मधोमध बसल्या होत्या. लुगड्यातच. मांडी घालून, पाठ ताठ, तळवे गुडघ्यांवर. डोळे मिटलेले. तोंड त्या मागच्या कोपऱ्याकडं.

छातीपर्यंत पाणी, आणि ओठ कोरडे पडून चिरलेले. गालांवर, गळ्यावर पांढरा थर. मी जवळ जाऊन पाहिलं. मीठ. खारवलेल्या आंब्याच्या फोडीसारखी कातडी झाली होती.

छाती हलत होती. अगदी थोडी. आणि मधल्या थांबण्याला वेळ वाढत चालला होता... बुडबुड्यांसारखाच.

"दवाखान्यात न्यायचं तर उचलता येत नाही हो," नीरजाताई म्हणाल्या. "आम्ही दोघांनी ओढून पाहिलं."

मी आणि साकिबनं काखेत हात घातले. मला उतरावंच लागलं त्या पाण्यात. ती साय माझ्या दंडाला चिकटली. अजून आठवलं की हात धुतो मी.

म्हातारी हलली नाही. पायरीचा दगड उपटावा तसं वाटलं.

"पाणी सोडून द्या," मी म्हणालो.

"सगळं?" हेमचंद्र म्हणाला.

नीरजाताईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो बाजूला सरकला.

साकिबनं टबाची मोरी उघडली. थेंब पडला नाही. तुंबलेली. त्यानं गाळणीचं झाकण काढून आत हात घातला. तोंड वाकडं केलं.

"बाल है."

तो ओढायला लागला. करड्या चिखलात माखलेले केस. सुटे नव्हते... वळलेले. दोरखंडासारखे. तो ओढत राहिला आणि ते येत राहिले. हातभर. मग अजून. मग त्याच्या पायाशी वेटोळं झालं, तरी येतच होते.

जटा.

त्या घरात कुणाच्या डोक्यावर तसे केस नव्हते. पाहुण्यांतही नाही. मी एकेकाचं डोकं आठवून पाहिलं.

साकिबनं ते तिथंच सोडलं आणि बाहेर जाऊन ओकला.

मी माझ्या कामाला लागलो. भीती वाटली की माणूस येतं तेच करतो. तारेला चिमट्यासारखा लावायचा मीटर असतो, तो मी हिरव्या तारेला लावला. मेन बंद. खांबावरून घरात काहीच येत नाही. आकडा शून्य पाहिजे.

शून्य नव्हता.

आणि आकड्याच्या आधी...

वजाचं चिन्ह.

म्हणजे उलटं. घरातून जमिनीत जात नव्हतं. जमिनीतून घरात येत होतं.

तेव्हा कळलं, मुनीम रोज का उडत होता. आमच्या हिशेबात जाणं तेवढं धरलेलं. येणं कुणी धरलंच नव्हतं. आणि नळ, दांडी, पाइप, सगळं त्या तारेला मीच जोडून दिलं होतं. अगदी नियमानं.

"डोक्यातलं काढा."

यमुनाबाई बोलल्या. डोळे मिटलेलेच. आवाज त्यांचाच होता, तेच जास्त वाईट होतं.

"डोक्यातलं काढा आधी. मग नीट बसवा मला."

"आई, कुठं बसवू? खुर्ची आणू?" हेमचंद्र म्हणाला.

"काय म्हनली?"

कुंपणाशी कडूबा उभा होता. गलका ऐकून आलेला.

"डोक्यातलं काढा अन् नीट बसवा म्हणतात," मी म्हणालो.

कडूबा तिच्या बसण्याकडं बघत राहिला. मग त्या कोपऱ्याकडं. मग तिथून निघालेल्या हिरव्या तारेकडं.

"म्या म्हन्लं नव्हतं?" तो हळू बोलला. "तिथं आधीच बसवलेलं हाय म्हणून?"

"अर्थिंग," हेमचंद्र म्हणाला.

"ते काय असतंय? गोसावी बसवलेला हाय तिथं. त्या लोकांत जाळीत नायत. मांडी घालून बसवत्यात. भवताली मीठ, राख, वरून माती. समाधीला सांजच्याला पानी घालायचे. आमच्या म्हातारीनं घातलंय. कोन होता, कवाचा, मला ठाव नाय."



पोत्यानं मीठ. रोज सांजच्याला पाणी. त्यानं सगळं सांगितलं होतं. आम्ही सगळं ऐकलं होतं.

टक्. मडकं फुटावं तसा आवाज.

बुडुक... आणि बराच वेळ काहीच नाही.

"आई श्वास घेत नाहीत," नीरजाताई म्हणाल्या.

हिरवी तार कधी कापायची नाही, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलंय. बाकी काही कापा, हिरवी नाही. साकिबनं पक्कड माझ्या हातात दिली. स्वतः कापली नाही त्यानं.

मी कापली.

बुडबुडे थांबले. यमुनाबाई एका अंगावर कलंडल्या, आणि आता मला एकट्याला उचलता आल्या. पापडासारख्या हलक्या. बाहेर काढल्यावर त्यांनी श्वास ओढला. लांब, खरखरीत.

हेमचंद्रानं गाडी काढली. नीरजाताई आईंना मांडीवर घेऊन मागं बसल्या. आम्ही मागं राहिलो, कारण कडूबा हलायला तयार नव्हता. "ते उपटा," म्हणाला. "डोक्यातलं काढा म्हनला ना त्यो."

साकिबनं अन् मी रॉड उपसला.

टोकाला करडं, चिकट काहीतरी लागलं होतं. सायीसारखं. बोटाला लागलं तर सुरकुतलं. तुटलं नाही.

आणि वास... तोच. टबाचा.

इतके दिवस मी पाहुण्यांच्या टाचांना आणि तेलाला नावं ठेवत होतो.

हेमचंद्रानं चूळ भरलेली मला आठवली. त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. वाचून कळेल आता.

खड्डा बुजवला. वर पाणी घातलं. टब दुसऱ्या दिवशी भंगारात गेला. घरासाठी नवी अर्थिंग पुढच्या बाजूला, कडूबाला तीनतीनदा विचारून. रीडिंग सुमार आलं. मला बरं वाटलं.

यमुनाबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी फार कमी झालं होतं, थोडक्यात बचावल्या.

पण ती मांडी अजून सुटलेली नाही. पाय सरळच होत नाहीत. संधिवातानं सांधे आखडतात, म्हणतात. असेल. देवापुढं मांडी घालून बसायचं होतं ना, तर आता सारख्या तशाच असतात. पलंगावर. झोपेतही.

मागच्या महिन्यात आम्ही गेलो होतो. दिवे लागले तशी नीरजाताईंनी वाटीत पाणी घेतलं. मला वाटलं, पाजणार.

त्यांनी सासूच्या डोक्यावरचा पदर बाजूला केला. मधोमध, टाळूवर, एक मऊ खळगा. तान्ह्या बाळाची टाळू असते तसा. रुंदी... माझ्या रॉडएवढी.

बाळाची टाळू तेलानं भरतात तशा त्या वाटीतलं पाणी ओंजळीनं घालत होत्या.

पाणी कपाळावर आलं नाही. कानावर आलं नाही. केससुद्धा नीट भिजले नाहीत.

मुरलं.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. नाही घातलं तर टोचतं म्हणतात."

"जातं कुठं?"

"मी नाही बघत, श्रीरंगराव. तुम्हीही बघू नका."

यमुनाबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडं बघून छान हसल्या. "नीट बसवलंत हो तुम्ही," म्हणाल्या.

चहा न घेताच निघालो. गाडीकडं जाताना पाय मागच्या कोपऱ्याकडं वळले. तिथं आता कुणी जात नाही. पाऊस लांब होता. सगळ्या आवारात माती भाजून फुटाण्यासारखी झालेली.

मी वाकून हात लावला.

कोपऱ्यातली माती... ओली होती.